थांबामिस्त्रीच्या हाती ताईचं बोट

मिस्त्रीचं खरं नाव गिऱ्हाइकांना ठाऊकच नव्हतं. खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे, फाटकं असलं काम करणारा हा माणूस दिवसभर एकच शब्द बोलायचा, म्हणून सगळे त्याला थांबामिस्त्री म्हणत. ग्राइंडर हातात घेतला की थांबा, चष्मा लावू द्या. थांबा, ओढणी खोचा, नाहीतर बाहेर उभ्या राहा. चकती बदलायची तर आधी पिन भिंतीतून काढायची आणि ती चक्क शर्टाच्या खिशात घालायची, म्हणजे कुणी हौशी येऊन लावायला नको. नवी चकती उजेडात धरून बघायची, टिचकी मारून तिचा आवाज ऐकायचा, चढवली की कुणाच्या अंगावर येणार नाही अशा बाजूला धरून थोडा वेळ नुसतीच फिरवायची. तोवर गिऱ्हाइकाच्या जांभया संपून दुसऱ्या सुरू झालेल्या असायच्या.

शेजारच्या गाळ्यात त्याच्या थोरल्या बहिणीचं शिवणाचं दुकान होतं. ताई म्हणजे अगदी दुसरं टोक. मशीन चालू असतानाच सुईखालचा धागा ओढायची, दातात टाचण्या धरून भांडायची. भावाची तर ती रोज बिनपाण्यानं करायची.

"लोक ताक फुंकून पितात, तू पाणीसुद्धा फुंकतोस," ती म्हणायची. "भित्रा मेला."

मिस्त्री हसून सोडून द्यायचा. भित्रा तर होताच तो, उगाच नाही कशाला म्हणा?

त्या दिवशी ताईला पडद्याची दांडी आखूड करून हवी होती. मिस्त्रीनं ती शिकंजात आवळली आणि बघतो तर ग्राइंडरला घासायची चकती.

"थांब, कापायची चढवतो."

"अरे, हीच लाव की. एवढंसं तर कापायचंय."

"घासायच्या चकतीनं कापायचं नसतं. फुटली तर तोंडावर येते."

झालं. पिन निघाली, खिशात गेली, टिचक्या सुरू झाल्या. ताई बसून बसून कंटाळली. बाकावर स्टीलच्या नळीचे अंगठीएवढे तुकडे पडले होते. तिनं त्यातला एक उचलला आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटात घातला.

"बघ, एवढं सामान पडलंय दुकानात, पण बहिणीला एक अंगठी नाही दिलीस कधी," म्हणून तिनं बोट नाचवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"काढ ते. कड धारदार असते."

"काढते की. घाबरट कुठला."

ते काही निघालं नाही. साबण झाला, तेल झालं, थंड पाणी झालं. बोटाला दोरा गुंडाळून सरकवायचाही प्रयत्न झाला, दोऱ्याला तिच्याकडे काय तोटा! दर ओढीला बोट आणखी सुजायला लागलं. आधी लाल, मग जांभळं. ताईचं तोंड एकदम बंद पडलं, तेव्हा मिस्त्री खरा घाबरला. ते बोट म्हणजे सुईखाली कापड सरकवणारं बोट. ते गेलं तर ताईचं दुकान गेलं.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरबाईंकडे अंगठी कापायची कात्री होती. सोनं ती लोण्यासारखं कापायची, पण या स्टीलवर तिची धार बोथट झाली.

"मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत फार वेळ जाईल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मिस्त्री, तुमच्याकडे छोटं मशीन आहे ना? इथेच करू. मी बोट सांभाळते, तुम्ही स्टील कापा."

मिस्त्री धावत जाऊन बॅटरीवर चालणारा छोटा ग्राइंडर आणि चष्म्यांची पेटी घेऊन आला. आत पाऊल टाकतो तोच "थांबा" सुरू. ठिणग्या उडणार, तेव्हा स्पिरिटची बाटली बाहेर, कापूस बाहेर, खिडकीचा पडदा वर. डॉक्टरबाईंच्या गळ्यात लोंबणारी स्टेथोस्कोपची नळीसुद्धा निघाली आणि डोळ्यांवर चष्मा आला. बाईंनीही हयगय केली नाही. ताईचा हात फळीला बांधला, बोट आणि स्टीलच्या मध्ये पत्र्याची पातळ पट्टी सरकवली, थंड पाण्याची पिचकारी भरून घेतली.

ताईच्या तोंडासमोर जाड काच आली आणि आतून आवाज आला, "चकती बघितलीस?"

"बघितली."

"टिचकी मारलीस?"

"मारली, ताई."

"परत मार. आणि डॉक्टरबाई, तुम्ही केस बांधा बघू."

मिस्त्रीनं मशीन चालू केलं, बोटाजवळ नेलं आणि बंद करून बॅटरीच काढून टाकली.

"माझ्यानं नाही होणार," तो म्हणाला. "मी भित्रा आहे, ताई. पलीकडच्या वेल्डरला बोलावतो. धीट माणूस आहे, चष्मासुद्धा लावत नाही."

"त्याची दोन बोटं कुठायत?" ताईनं विचारलं.

मिस्त्रीनं बॅटरी उचलली.

"मला धीट नकोय. भित्राच हवाय. बस खाली आणि काप."

तो बसला. दोन्ही कोपर टेबलावर घट्ट टेकवले, श्वास घेतला, बॅटरी लावली. चकती टेकवायची, उचलायची, पाणी सोडायचं, ताईला विचारायचं, "चटका?" ती मान हलवायची. पुन्हा टेकवायची. एक बाजू कापली गेली, पण जाड स्टील वाकेना, म्हणून दुसरी बाजूही तशीच कापावी लागली. शेवटी दोन अर्धुकं टणकन फळीवर पडली.

मिस्त्रीनं आधी मशीन बंद केलं, चकती पुरती थांबू दिली, बॅटरी काढली आणि मगच तिच्या बोटाकडे बघितलं. पट्टीवर बारीक ओरखडे होते. बोटावर एकही नव्हता. डॉक्टरबाईंनी नख दाबून पाहिलं, रंग परत येत होता. चष्मा मात्र त्यांनी काढला नव्हता, कारण मिस्त्रीनं अजून काढा म्हटलं नव्हतं.

ताईनं बोट वाकवलं, सरळ केलं, पुन्हा वाकवलं. मग भावाचे दोन्ही हात तिनं ओढून घेतले आणि त्याचं एकेक बोट चाचपून पाहिलं, बाजारात भेंडी बघतात तसं. इतकी वर्षं ग्राइंडर चालवून दहाच्या दहा जागेवर होती, नखांसकट. रोज शेजारी बसूनही हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"ताई, दुखतंय का?" मिस्त्रीनं विचारलं.

तिनं नाही म्हणून मान हलवली. तिला रडू आवरत नव्हतं, आणि त्याचे हात काही तिनं सोडले नाहीत.