कापून ठेवलेले श्वास

बदनापूरला स्टेशनच्या बाजूला, एका हार्डवेअरच्या दुकानावर माझा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे एक खोली. भिंतींना अंड्यांचे ट्रे, खिडकीला जुनी गादी. गाडी यायची वेळ झाली की काम थांबवायचं, नाहीतर रुळांची धडधड माइकमध्ये येते. हळदीची, वरातीची, जयंतीची गाणी इथं तयार होतात आणि डीजेवाल्यांच्या पेनड्राइव्हमधून गावोगाव जातात. या खोलीत मी एका पोरीचं काय केलं, ते बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. मी मुळात बोलणारा माणूस नाही. न बोलणं किती सोयीचं असतं, हे मला पुरतं माहीत आहे.

ती आष्टीची, जालन्याला कॉलेजात शिकणारी. वडील शाळामास्तर. पहिल्यांदा तेच तिला घेऊन आले.

"भाऊ, हिला गायचंय. काय गायचंय ते तीच सांगंल. मला तर त्याचं नाव बी घेता येईना."

"ड्रम अँड बेस," ती म्हणाली.

मी हसलो. मला वाटलं, पोरीला साधं डीजेचं गाणं करायचंय आणि नाव तेवढं भारी घेतेय. तिनं मोबाइल माझ्या मशीनला जोडला. ड्रम असे पळत होते की बोटांवर मोजता येईनात, खालून बेस पोटात घुमत होता. आणि त्यावर ती गायली ती एकदम सावकाश. शब्द तिचेच होते, दुपारच्या रिकाम्या वर्गाबद्दल, अर्धवट पुसलेल्या फळ्याबद्दल.

"एवढं जल्दी वाजून राह्यलंय अन् तू एवढी निवांत कशी?" मी विचारलं.

"काका, पळायचं काम ड्रमचं. मी बी पळाले तर मंग ऐकणाऱ्यानं थांबायचं कुठं?"

मास्तर खुर्चीत बसल्या बसल्या हसले. लेकीकडं असं बघत होते, जणू तिनं परदेशी भाषेत भाषण केलंय.

फळ्याच्या ओळीला ती एक लांब सूर लावायची. त्याआधी छाती भरून श्वास घ्यायची, आणि सूर संपला की एक धाप. आमच्या धंद्यात गाणं साफ करायचं म्हणजे हे श्वास कापायचे. मी कापले. पण फेकले नाहीत. एकेक करून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले.

ते गाणं तिनं इंटरनेटवर टाकलं. पुण्यात असलं संगीत करणाऱ्या दोघांनी ते ऐकलं आणि तिला फोन केला. आमच्या कार्यक्रमात गा, पुढं दोन गाणीही सोबत करू. मास्तर म्हणाले, जा. तिनं मला पेढे आणून दिले. मी खाल्ले.

त्याच महिन्यात परतूरकडच्या एका डीजेवाल्याला हळदीसाठी चटकदार काहीतरी पाहिजे होतं. एका गड्याच्या आवाजातलं घाणेरडं गाणं माझ्याकडं तयार होतं, पण ओळींच्या मधल्या जागा मोकळ्या वाटत होत्या. मी ते फोल्डर उघडलं. तिच्या धापा एकेक करून त्या जागांमध्ये बसवल्या. मी चहा पीत होतो. उलट, बराबर बसलंय म्हणून मला बरं वाटलं. आज लिहिताना त्या बऱ्या वाटण्याचीच मला सगळ्यात जास्त किळस येते.

गाणं चाललं. आष्टीत मास्तरांच्याच गल्लीत एका हळदीला भर दुपारी ट्रॅक्टरवरच्या बॉक्सांतून ते वाजलं. नाचणाऱ्यांतला एक जण मास्तरांना म्हणाला, "मास्तर, पोरगी बदनापूरला गायला जाती ना? मंग आवाज वळखीचा वाटतोय!" बाकीचे हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाप-लेक माझ्याकडं आले. ती दारातूनच बोलली.

"काका, त्या गाण्यातला दम माझा हाय. फळ्याच्या ओळीनंतरचा. मी वळखते माझा श्वास."

मास्तरांनी तिला हातानं थांबवलं. "भाऊ, तुम्ही एकच सांगा. त्या गाण्यासाठी हिनं आवाज दिला का?"

नाही, एवढंच म्हणायचं होतं. नाही, मी चोरला. मी मशीनच्या वायरीशी खेळत बसलो आणि म्हणालो, "सर, आजकालच्या पोरी. त्यांच्या मनात काय असतं आपल्याला काय सांगता येतं? आम्ही आपले मशीनवाले."

मास्तर वळले आणि जिना उतरून गेले. ती त्यांच्या मागं. पुणं बंद झालं, गाणं बंद झालं. पुण्यावाल्यांना तिनं साधं कारणसुद्धा कळवलं नाही. काय कळवणार होती?

दीड वर्ष मी गप्प होतो. मग माझ्याच पुतण्याच्या हळदीला ते गाणं लागलं. आमचा एक मोठा पाहुणा, तोंडात जर्दा, माझ्या खांद्यावर हात टाकून कानाशी आला आणि ती धाप काढून दाखवली. "ह्यॅं... ह्यॅं... काय चीज बनवली गड्या तू!" जर्द्याची ओली वाफ कानात गेली. मी मांडवामागं जाऊन ओकलो. लोक म्हणाले, उन्हानं झालं.

चार दिवसांनी आष्टीला गेलो. मास्तरांना सगळं सांगितलं.

"दीड वर्ष मी पोरीशी नीट बोललो न्हाई, भाऊ," ते म्हणाले. मग आत हाक मारली. ती आली. "आता हिच्यासमोर सांगा. बसून न्हाई, उभं राहून."

उभं राहून सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. विचारलं, "फोल्डरला नाव काय दिलं होतं?"

मी ते घाणेरडं नाव सांगितलं. बापासमोर. मास्तर उठून बाहेर गेले.

"फोन लावा पुण्याला," ती म्हणाली. "मी का आले न्हाई, ते तुम्ही सांगा. माफी माझ्याकडं मागत बसू नका."

तिनं नंबर दिला. ज्यांना कधी पाहिलं नाही त्या पोरांना मी सांगितलं की मी काय केलं. पलीकडून प्रश्न आला, "ती अजून गाते का?" मी फोन तिच्यापुढं धरला. तिनं तो कुडत्याला पुसला आणि घेऊन अंगणात गेली.

डीजेवाल्यांना ते हळदीचं गाणं काढून टाका म्हणून मी विनवलं. टेंभुर्णीचा एक जण म्हणाला, "काका, डोकं फिरलं का? बिलकुल न्हाई, सीझन हाय!" ते अजून वाजतं. थांबवणं माझ्या हातात नाही.

ती पुण्याला गेली. तिचं नवं गाणं आलंय, असं खालच्या दुकानातल्या पोरांकडून कळलं. पोरं मला ते ऐकवत होती, मी नको म्हणालो. ऐकायला बसलो तर सुरांच्या आधी माझे कान तिचे श्वास शोधतील, हे मला माहीत आहे.