न बघता पास

लालबागला आमच्या चाळीच्या मागच्या गॅलरीतून बंद गिरणीचं आवार दिसतं. शेड पडल्या, जागेचा निकाल लागत नाही, तोवर उंबर-पिंपळ मनासारखे वाढलेत. बाबा त्याच गिरणीत फोल्डिंग खात्यात कापड तपासायचा. मी तिथले पक्षी बघते. बाबा म्हणतो, "खातां तांच, माल तेवढो बदललो."

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. हे सांगते, कारण सांगायला मला आवडतं. पक्षी बघणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपवर बहुतेक मंडळी दादर-माटुंग्याची, हातभर लेन्सवाली. माझ्याकडे फक्त दुर्बीण, पहिल्या पगाराची.

गेल्या थंडीत एका रविवारी सकाळी उंबरावर माशीमार दिसली. चिमणीहून लहान, राखी-तपकिरी, सारखी शेपटी उडवणारी. अशी एक जात दर थंडीत मुंबईत येते, तिचं कुणाला कौतुक नाही. पण तिच्यासारखीच दुसरी एक आहे, तैगा माशीमार. ती इकडे क्वचित सापडते. दोघींतला फरक शेपटीच्या मुळाशी आणि खालच्या चोचीत. तैगाची दोन्ही काळी, नेहमीच्या माशीमारची खालची चोच पिवळट.

शेपटीचं मूळ मला काळं दिसलं. बस्स, तेवढं पुरलं. बाबा शेजारी चहा पीत उभा होता. दुर्बीण त्याच्या हातात कोंबली आणि ग्रुपवर टाकलं, 'तैगा माशीमार, लालबाग.'

दादरच्या एका काकांचं उत्तर लगेच आलं. 'अभिनंदन! ताई, खालची चोच नीट दिसली ना? फोटो?'

त्या 'ना'नं माझं डोकं फिरलं. लेन्सवाल्यांना असं कोण विचारतं? मी मोठ्यानं म्हणत लिहिलं, 'फोटो नाही. चोच पूर्ण काळी. स्वतः पाहिली.'

पाहिली नव्हती.

बाबा दुर्बिणीतून बघतच म्हणाला, "खालची चोच पिवळी हा गो तिची."

"बाबा, तुला काय कळतं त्यातलं!"

"मोतीबिंदू काढून चार महिने झाले. माझे डोळे तुझ्यापेक्षा नवे हत."

मी दुर्बीण ओढून घेतली. तोवर फांदी रिकामी.

दुपारी काका स्वतः आले, तीन जिने चढून, लेन्ससकट. आईनं पोहे केले. तास-दीड तास आमच्या गॅलरीत उभे राहिले, पक्षी काही आला नाही. जाताना म्हणाले, "तुम्ही पाहिलीत ना, मग प्रश्नच नाही. मी यादीत घालतो." बाबा आत टीव्हीसमोर बसला होता. त्यानं आवाज वाढवला. बोलला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळपर्यंत चाळीस-पन्नास अभिनंदनं आली. मला एक वाचवेना. शेवटी लिहिलं, 'माफ करा, नोंद चुकली. खालची चोच पिवळट होती. नेहमीचीच माशीमार.' पाठवलं आणि बाबाला वाचून दाखवलं. वाटलं, म्हणेल शाब्बास.

त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला. "पिवळी होती ती तू बघितलंस?"

"नाही. तू बघितलीस."

"मग सकाळी काळी पास केलंस, आता पिवळी. दोन्ही येळेक न बघता."

तपासलेल्या ताग्यावर फोल्डिंगवाले पासचा शिक्का मारायचे. शिफ्ट संपत आली की काही जण तागा न उलगडताच मारायचे. 'न बघता पास' ही त्या खात्यातली सगळ्यात घाण शिवी. लहानपणी बाबाच्या तोंडून ती दुसऱ्यांबद्दल ऐकली होती. माझ्यावर पहिल्यांदा आली.

मी परत टाईप केलं. 'चोच मी पाहिलीच नव्हती. सकाळी खोटं लिहिलं. पिवळी माझ्या वडिलांनी पाहिली. ते गिरणीत कापड तपासायचे.' शेवटचं वाक्य दोनदा खोडलं, दोनदा लिहिलं. मग पाठवलं.

काकांचं एवढंच आलं, 'नोंद काढली.'

आता मी साधा कोतवाल पक्षी लिहिला तरी खाली कुणीतरी 'फोटो?' विचारतं. विचारणारच. रागही धरता येत नाही. सकाळी बाबा माझ्याआधी गॅलरीत असतो. काही हललं की दुर्बीण स्वतःच्या डोळ्याला न लावता माझ्याकडे देतो आणि म्हणतो, "आधी बघ."

मी बघते. तो थांबतो. एखाद्या दिवशी मला वाटतं दिसलं, पण सांगायचं धाडस होत नाही.