खाली पडलेला पाव

तव्यावर पाव करपला, की मला फ्रान्समधलं एक जेवणाचं टेबल आठवतं. फ्रेंच शिकायला मी अहमदपूरहून गेले होते, एका फ्रेंच कुटुंबात राहायचे. वर्गात तोंड उघडायचीही भीती वाटायची.

एकदा जेवताना माझ्या हातून भाजलेल्या पावाचा तुकडा खाली पडला. घरच्या बाई तो कचऱ्यात टाकणार, तेवढ्यात मी उचलला, कपाळाला लावला आणि खाल्ला.

“शी! घाण आहे तो!” त्या म्हणाल्या. सगळे हसले.

“अन्न हाय ते! फेकायचं न्हाई!” मी मराठीतच ओरडले.

बाईंनी अर्थ विचारला. पहिल्यांदाच न अडखळता, पण हळूच, मी फ्रेंचमध्ये म्हणाले, “आता तुम्ही मराठी शिका.”

तेव्हा त्या उद्धटपणाची लाज वाटली होती. आता वाटतं, हळू म्हणाले, एवढंच चुकलं.