अप्पांना मी उठू दिलं नाही

"बाई, माणूस पायानं आत आलाय, पायानंच जाईल. बाजूला व्हा," बसप्पा म्हणाला. मी दारातून हलले नाही.

धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात मी नर्स होते. शाळा चौथीपर्यंत, बाकी सगळं डॉक्टरसाहेबांनी हाताखाली शिकवलं. त्या दिवशी ते तेरला कॉलऱ्याच्या सुया टोचायला गेले होते. कॉटवर बसप्पाचे थोरले भाऊ शिवलिंगप्पा, म्हणजे अप्पा. येडशीहून बैलगाडीनं तामलवाडीला मुलीच्या लग्नाला निघालेले. वाटेत छातीत कळ आली म्हणून गाडी इथं थांबवली.

"पित्त हाय. सोडा द्या, निघतो," अप्पा म्हणत होते. गळ्यातलं इष्टलिंग त्यांनी मुठीत गच्च धरलं होतं. घरच्यांना वाटलं, शिवाचं नाव घेताहेत.

"अप्पा, लिंग जरा सोडा. दुखतंय कुठं ते दाखवा."

त्यांनी लिंग सोडलं. मूठ तशीच छातीवर दाबली.

एका बोटानं नेमकी जागा दाखवणाऱ्याचं बहुधा फारसं काही नसतं. मूठ दाबणारा, घामानं भिजलेला, डावा हात जड झालाय म्हणणारा माणूस मात्र हृदयाचा रोगी समजायचा. डॉक्टर बघेपर्यंत त्याला चालू द्यायचं नाही, असा साहेबांचा हुकूम. खात्री करायचं यंत्र आमच्याकडं नव्हतं.

"तुम्ही काय डाक्टर हाव का?" बसप्पा ओरडला.

"न्हाय. म्हणून तर सोडायची इजाजत न्हाय मला."

"अन् तुमचं चुकलं तर?"

"तर लग्न चुकंल."

"पोरीला काय सांगू? दवाखान्यातल्या बाईनं बाप कोंडला?"

"व्हय, तसंच सांगा."

 अप्पा पाय खाली सोडू लागले, तसे मी त्यांचे जोडे उचलले आणि औषधाच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"सरकारी कपाटात जोडे?" बसप्पानं विचारलं.

"विषाच्या बाटल्या ठेवतो तिथंच ठेवलेत."

संध्याकाळी साहेब आले. स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. "हृदयच आहे. जगतील का, ते आज सांगत नाही."

दुसऱ्या दिवशी पुन्हा कळ आली, पहिलीपेक्षा मोठी. गाडीत असते तर धक्क्यांतच जीव गेला असता. कॉटवर होते, म्हणून लगेच मॉर्फियाची सुई देता आली.

लग्न त्यांच्याविना लागलं. काही आठवड्यांनी अप्पा घरी निघाले. त्यांच्या बायकोनं मला हात जोडले, तर ते फणकारले, "हिच्यापायी लेकीच्या डोक्यावर अक्षता टाकता आल्या न्हाईत."

रागवायलाही माणूस जिवंत असावा लागतो. माझ्यावर रागावून घरी गेलेले बरेच आहेत. त्याचं मला काही वाटत नाही.