सुमननं दिलेले पंधरा दिवस

माझी बायको सुमन भांडण सुरू करायच्या आधी चष्मा पुसायची. मग मांडीवर पाट घेऊन कोऱ्या कागदावर लिहायची, ‘आदरणीय’. ज्यानं आमचं नुकसान केलं तोही आदरणीय. माझ्या अंगाची आग व्हायची.

ती सातवी शिकलेली. मी चौथीत शाळा सोडली. हे लिहितानाही हात अडतो.

गेल्या उन्हाळ्यात रस्त्याच्या ठेकेदारानं मुरमाचे ट्रक नेण्यासाठी आमच्या धानाच्या बांधीचा धुरा, म्हणजे खाचराचा बांध, फोडला. विचारलंही नाही. धुरा फुटला की बांधीत पाणी थांबत नाही, आणि पाण्याशिवाय रोवणी होत नाही. मी लोखंडी सब्बल उचलली. ती दारात आडवी उभी राहिली.

"सब्बल मारली का, तुम्ही आरोपी. धुरा तसाच राहते. बसा, सांगा काय लिहू."

मी सांगितलं. चार ओळी, सहा शिव्या. तिनं एकही लिहिली नाही. "शिवीले तो शिवीचं उत्तर देते, धुऱ्याचं नाई." तिनं लिहिलं ते एवढंच: कोणत्या दिवशी, कोणत्या शेतात, किती पावलं धुरा फोडला. पंधरा दिवसांत होता तसा बांधून द्या, नाहीतर कोर्टात दावा टाकू.

तो कागद मी ठेकेदाराच्या मुनशीच्या हातात देऊन आलो. सही मागितली नाही. आमच्याकडे सही मागणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं. आठ दिवसांनी मुनशी म्हणतो, "कोनता कागद, भाऊ?"

सुमननं मला चांगलं झोडपलं. "सही मागाले लाज वाटली तुमाले? त्याले धुरा फोडताना वाटली काय?" तिनं सगळं पुन्हा लिहिलं, नक्कल ठेवली आणि जीपमध्ये बसून ब्रह्मपुरीच्या पोस्टात स्वतः रजिस्टर करून आली. ठेकेदाराच्या सहीची पोचपावती आली. त्या सहीच्या तारखेपासून तिनं दिवस मोजायला घेतले.

अकराव्या दिवशी ती गेली. ताप डोक्यात चढला. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

चौदाव्या दिवशी ठेकेदार घरी आला. हात जोडून बसला. "बाई मोठी समजदार होती, भाऊ. आता तेच नाई, त कोर्टकचेरी कोनासाठी? कागद वापस घेऊन टाका."

"चहा घ्या," मी म्हणालो. "उद्याचा दिवस तुमचा हाये. परवाचा माझा."

दुसऱ्या दिवशी बांधीवर कोणी फिरकलं नाही. तेरवीआधी घराबाहेर पडू नये म्हणतात. मी सोळाव्या दिवशी पडलो. ब्रह्मपुरीच्या वकिलानं नक्कल दोनदा वाचली आणि विचारलं, "कोणत्या वकिलाकडून लिहून घेतलं?"

"बायकोनं लिहिलं."

"त्यांना आणलं नाही?"

"मेली. दावा माझ्या नावानं टाका, साहेब. पन मजकूर हाच ठेवा. तुम्ही आपल्या मनचं एक अक्षर घालू नका."