खंडेनवमीलाही चालू राहिलेला संगणक

लेखन हा माझा प्रांत नव्हे. पन्नाशी उलटल्यावर, तेही स्वतःच्या भीतीविषयी, चार ओळी लिहून वाचकांचा वेळ घ्यावा याचा संकोच वाटतो. हे धाडस पोटात घालावे, ही विनंती.

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत औषधांची खोकी छापणाऱ्या एका लहान कंपनीत मी संगणकांची देखभाल करते. छपाईयंत्रामागच्या काचेच्या खोलीत एक जुना संगणक अहोरात्र चालू असतो. त्यातल्या सॉफ्टवेअरच्या ताब्यात बाकीचे सगळे संगणक आहेत. त्याच्या परवानगीखेरीज सकाळी एकही उघडत नाही. ते बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. मदतीचा क्रमांक लावला, की तो अस्तित्वात नसल्याचे एक बाई नम्रपणे सांगते.

बऱ्याच शोधानंतर दहिसरला राहणारे एक निवृत्त गृहस्थ सापडले. एकेकाळी त्यांनीच ते आमच्याकडे बसवले होते. फोनवर माझे सगळे ऐकून त्यांनी विचारले, "चालू आहे ना अजून?"

"आहे."

"मग हात लावू नका. बंद करून सुरू केलंत, तर ते आधी बनवणाऱ्या कंपनीकडे परवाना तपासायला जाणार. तिथे आता दार उघडायला कुणी नाही."

"काढूनच टाकलं तर?"

"काढायलाही त्याचीच परवानगी लागते, मॅडम." ते हसले. मला हसू आले नाही.

तेव्हापासून कचेरीत पाऊल टाकताच मी आधी त्या संगणकाच्या पंख्याची घरघर ऐकते. ती ऐकू येईपर्यंत पर्सही खाली ठेवत नाही.

आमच्याकडे खंडेनवमीला प्रत्येक यंत्र बंद करून, पुसून, हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घालतात. त्या दिवशी यंत्राकडून काम घ्यायचे नाही, हा छपाईखात्यातल्या मालवणी मामांचा दंडक. साहेबही त्यांच्यापुढे बोलत नाहीत. यंदा मामा ताट घेऊन काचेच्या खोलीशी आले, तेव्हा मी नुसता स्क्रीन बंद केला होता. कुंकू लावताना त्यांचा तळवा संगणकाच्या पेटीवर टेकला.

"बाय, ह्यां तर गरम लागता."

"मामा, हे बंद केलं तर परत सुरू होणार नाही."

"मगे नवीन घे."

"नवीन बसवेपर्यंत तरी हे टिकायला हवं."

मामांनी हातातली माळ क्षणभर न्याहाळली आणि पेटीची जाळी झाकली जाऊ नये म्हणून ती बाजूला ठेवली. "आपण सुट्टी नाय दिली, तर यंत्र आपली आपण घेता," एवढे बोलून ते पुढे गेले.

आता जिन्यात सूचना लागली आहे: येत्या रविवारी विजेच्या तारा बदलण्यासाठी इमारतीचा पुरवठा दिवसभर बंद राहील. आमची बॅटरी फार तर चहा होईपर्यंत पुरते. साहेबांना सांगितले, तर म्हणाले, "इतकी वर्षं चाललंय ना? बघा तुम्हीच. सोमवारी माल जायचाय." दहिसरच्या गृहस्थांना पुन्हा फोन केला, तर तेही म्हणाले, "बंद पडू देऊ नका, एवढंच." मामांची ती सुकलेली माळ अजून पेटीशेजारीच आहे. उचलायला माझा हात पुढे होत नाही.

अशा जुन्या सॉफ्टवेअरची माहिती असलेले कुणी आपल्या ओळखीत आहे का?