ग्लेनिसचा पिवळा हातमोजा

थॉर्नबेकच्या स्पीडवे मैदानावर, म्हणजे मातीवरच्या मोटरसायकल शर्यतींच्या मैदानावर, दुसऱ्या वळणापाशी एक लाकडी टपरी आहे. तिथे चहा मिळतो, बटाट्याच्या तळलेल्या फोडी मिळतात आणि ओव्हनमध्ये भाजलेले अख्खे बटाटे मिळतात. बटाट्यावर चीज घ्या नाहीतर बीन्स घ्या, लाल मुरूम वरून फुकट. शर्यत रंगात आली की वळणावरच्या मोटरसायकली मागच्या चाकाने असा काही मुरूम उडवतात की कुंपणालगतच्या माणसाच्या कपात चहा कमी आणि माती जास्त होते. म्हणून थॉर्नबेकची माणसं कपावर हात धरून चहा पितात. लग्नाच्या मेजवानीतसुद्धा धरतात, आणि बाहेरगावची पाहुणेमंडळी बघत राहतात.

ही टपरी ग्लेनिस टर्वेची. तिचा बाप याच मैदानावर मुरूम ओढायचा, नवरा कीथ याच मैदानावर गाड्या ढकलायचा. शर्यतीच्या या मोटरसायकलला ना ब्रेक, ना किक. कुणीतरी मागून धक्का मारल्याशिवाय ती जागची हलत नाही. पंधराव्या वर्षी ग्लेनिसने भावाची जुनी गाडी सरावाच्या वेळी चार फेऱ्या पळवली होती आणि भावापेक्षा वेगात पळवली होती. धक्का कीथनेच मारला होता. बाप म्हणाला, "छान. आता उतर आणि चहा ठेव." तेव्हापासून ती चहा ठेवते आहे. पण रागात ठेवत नाही. राग धरून बसायला तिला कधी सवडच मिळाली नाही.

थॉर्नबेकच्या मोठ्या संघाचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे. त्यांच्या हाताखाली सोळा-सतरा वर्षांच्या पोरांचा एक संघ आहे, त्याला सगळे पिल्लं म्हणतात. एका वर्षी पिल्लांचा मॅनेजर भर मोसमात निघून गेला. मैदानाचा मालक क्लाइव्ह ट्रँटर टपरीवर आला आणि म्हणाला, "ग्लेन, या रविवारपुरतं बघशील का पोरांचं?" तो रविवार अजून संपलेला नाही.

गाडी आडवी करून वळणात कशी घालायची, हे पोरं एकमेकांचं बघून शिकतात. ग्लेनिस एकच गोष्ट शिकवते: मान वळवायची. शर्यतीत दोन्ही संघांचे दोन-दोन स्वार असतात. एकटा पहिला आला तर तीन गुण, पण जोडीदाराला दुसरा आणलं तर पाच. म्हणून पुढे गेलेल्याने मागे बघायचं, आपण बाहेरच्या बाजूला सरकून परक्याची वाट अडवायची, आतली वाट जोडीदाराला मोकळी करून द्यायची आणि त्याला बरोबर घेऊन घरी यायचं.

"पुढे गेलास म्हणजे फार मोठा तीर मारलास का?" ती पोरांना झापते. "मागे कोण राहिलंय ते बघ आधी!"

आता त्या गाड्यांच्या आवाजात तोफ डागली तरी स्वाराला ऐकू जाणार नाही. एकदा मात्र गरम बटाट्यांचा ट्रे काढता काढता ग्लेनिस तशीच धावत मैदानाच्या मधल्या हिरवळीवर गेली आणि तिने हात हलवला. हातात ओव्हनचा जाडजूड हातमोजा होता, पिवळाधमक, वर कोंबडीचं चित्र. पुढच्या पोराने तो पाहिला आणि दचकून मागे बघितलं. त्या दिवशी पिल्लांना पाच गुण मिळाले, आणि तेव्हापासून पिल्लांच्या शर्यतीत ग्लेनिस हातमोजा घालून हिरवळीवर उभी राहते. मोजा वर गेला की मान वळलीच पाहिजे. परगावची माणसं हसतात. हसेनात का बापडी.

यंदाच्या पिल्लांत दोघे तयारीचे होते. जोएल पॅस्को लाजाळू, बोलायला लागला की कानापर्यंत लाल होणारा. तो मागे इतका बघायचा की एकदा ग्लेनिसच म्हणाली, "राजा, अधूनमधून पुढेही बघत जा." दुसरा डेक्लन रॅग. अंगात मस्ती, तोंडात उत्तर तयार. त्याची मान म्हणजे खांबाला ठोकलेली.

"मोजा दिसला नाही का रे तुला?" ती विचारायची.

"दिसला ना. कोंबडी फार छान आहे."

"मग मागे का नाही बघितलंस?"

"मागे हरणारे असतात, ग्लेन. त्यांच्याशी माझी ओळख नाही."

तर मे महिन्यात हेरन्सच्या एका राखीव खेळाडूचा खांदा निखळला आणि जागा रिकामी झाली. दुसऱ्या राखीव जागेवर ब्रोडी केमिस नावाचा ऑस्ट्रेलियन पोरगा होता, वेगवान आणि गुणी. त्याचा चुलतभाऊही गाडी चालवतो असं क्लाइव्हच्या कानावर आलं. ही बातमी टपरीवर पोचायला एक कप चहा पुरला.

"क्लाइव्ह, थॉर्नबेकच्या संघात थॉर्नबेकचा एक तरी पोरगा आहे का रे?" ग्लेनिसने त्याला काउंटरवरच गाठला. "कप्तान डेन्मार्कचा, दोघे पोलंडचे, राखीव ऑस्ट्रेलियाचा. उद्या चहा करायला कुणाला आणतोस, ब्राझीलहून?"

"तुझ्याहून बरा चहा करणारा मिळाला तर आणीनही."

"माझी दोन पोरं तयार आहेत."

"तुझी पोरं गोड आहेत, ग्लेन. गोडपणाला गुण नसतात." क्लाइव्हने कपावर हात धरून घोट घेतला. मग म्हणाला, "बरं, ऐक. गुरुवारी मोठा सामना संपला की पिल्लांच्या फेऱ्या असतातच. त्यात ब्रोडीला उतरवतो. तुझ्या पोरांतला जो पहिला येईल, जागा त्याची. ब्रोडी पहिला आला तर मी त्याच्या भावाला फोन करणार. आणि मग पुढच्या वर्षी पिल्लांचा संघही नको. ज्या दारातून कुणी आत जात नाही, तिथे पोरांना ताटकळत कशाला ठेवायचं?"

ग्लेनिसच्या तोंडचं पाणी पळालं. पण तिने फक्त त्याच्या बटाट्यावर बीन्स जरा कमी घातल्या.

गुरुवारी मोठा सामना आटोपला. निम्मे प्रेक्षक घरी गेले, निम्मे सवयीने थांबले. ग्लेनिसने दोन्ही पोरांना गाड्यांपाशी बाजूला घेतलं.

"आज मान विसरा," ती म्हणाली. "आज तुम्ही जोडी नाही. जो पुढे असेल त्याने मागे न बघता सुटायचं. कळलं?"

डेक्लनने तिच्या कपाळाला हात लावला. "ताप आलाय का तुला?"

"गप्प बस. जोएल, तुला विचारतेय. मागे बघायचं नाही."

"नाही बघणार," जोएल म्हणाला आणि लाल झाला.

मोजा हातात असला तर हात शिवशिवतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती हिरवळीवर गेलीच नाही. टपरीत शिरली आणि उरलेल्या बटाट्यांत स्वतःला गुंतवून घेतलं.

सुरुवातीची फीत वर उडाली. जोएल लाल हेल्मेटमध्ये असा सुटला की पहिल्या वळणातच सगळ्यांच्या पुढे. त्याच्या मागे डेक्लन, डेक्लनच्या मागे ब्रोडी. चौथा एक म्हातारा हौशी गडी इंजिन तपासायला उतरला होता. त्याचं इंजिन पहिल्याच फेरीत बंद पडलं. टपरीत ग्लेनिसला फक्त आवाज येत होते आणि कुंपणालगतचे लोक ओरडत होते, "जोएल! जोएल!" ट्रे ओव्हनमधून अर्धा बाहेर आला होता. तो तसाच सोडून ती हिरवळीवर धावली.

जोएल आरामात पुढे होता. काही म्हणजे काही करायची गरज नव्हती. पण ब्रोडी डेक्लनच्या चाकाला चाक लावून आला होता, बाहेरून सुसाट, आता गाठतो की मग गाठतो. ग्लेनिसच्या डोळ्यांना दिसलं ते एवढंच: आपला एक पुढे, आपला एक मागे, आणि मध्ये घुसू बघणारा परका. इतक्या वर्षांत अशा वेळी तिच्या हाताने एकच काम केलं होतं. तो वर गेला. आणि हातात मोजा होता.

जोएलची मान वळली.

मग जे झालं ते इतकं सुंदर होतं की कुंपणावरची माणसं क्षणभर ओरडायची थांबली. जोएलने वेग किंचित सोडला, बाहेर सरकला, ब्रोडीची वाट लोण्यात सुरी फिरावी तशी अलगद कापली आणि डेक्लनला आतली बाजू मोकळी करून दिली. डेक्लन शेजारी आला. शेवटची सगळी फेरी दोघं खांद्याला खांदा लावून आले, ब्रोडी मागे मुरूम खात. पाच गुणांची अशी जोडी मोठ्या संघातही रोज दिसत नाही. फक्त आज गुण नव्हते, जोडी नव्हती, आणि डेक्लनला सांगितलं होतं सुटायचं. तो सुटला. अर्ध्या चाकाने पहिला आला.

"अगं, हात कशाला वर केलास?" कीथ लंगडत आला. त्याचा गुडघा गेल्यापासून तो आता फक्त प्रश्न ढकलतो.

"मी नाही केला. गेला."

ती मोज्यासकट गाड्यांपाशी पोचली तेव्हा जोएल हेल्मेट काढून जमिनीवर बसला होता.

"मी तुला सांगितलं होतं ना बघू नकोस म्हणून?" ती रडवेली होऊन ओरडली. चूक स्वतःची असली की ती आधी ओरडते.

"तू मोजा दाखवलास."

"तरी बघायचं नाही!"

"बघू नको हे तू आज एकदा सांगितलंस, ग्लेन," जोएल म्हणाला. "मोजा दोन वर्षं दाखवतेयस. मानेने जुनं ऐकलं."

तिने क्लाइव्हला धरलं, शर्यत पुन्हा घे म्हणाली, चूक माझी आहे म्हणाली, चारचौघांत हात जोडायचेच बाकी ठेवले.

"बोलल्याप्रमाणे जागा पहिल्याची," क्लाइव्ह म्हणाला. "डेक्लन येईल. पिल्लंही राहतील. आणि जोएल, या धंद्यात दर पंधरवड्याला कुणाचा तरी खांदा निखळतो. पुढचा नंबर तुझा."

डेक्लनला एरवी एवढ्यात दहा टोमणे सुचले असते. आज तो गाडी धुवायला गेला आणि बराच वेळ धूत बसला. ग्लेनिस टपरीत परतली, ओव्हन बंद केला आणि करपलेल्या बटाट्यांसमोर बसून रडली. जिंकल्याचं सुख होतं, पण ते तिला घेता येईना. ज्याला तिने सगळ्यात नीट शिकवलं होतं, त्यालाच तिच्या शिकवण्याने मागे ठेवलं होतं.

पुढच्या गुरुवारी मोजा खिळ्यावर टांगलेला होता. जोएल बटाटे कापायला आला होता. घरी बसून काय करू, म्हणाला. मोठ्या सामन्यातली दुसरी शर्यत राखीव खेळाडूंची. डेक्लन आणि ब्रोडी आपले, दोघे पाहुणे. डेक्लन फितीपासूनच पुढे सुटला. ब्रोडी तिसरा अडकला. ग्लेनिसने दोन्ही हात चहाच्या कपाभोवती घट्ट धरले.

तिसऱ्या वळणात डेक्लनने मान वळवली.

खांबाला ठोकलेली ती मान अख्खी वळली. तो बाहेर सरकला, पाहुण्याला कुंपणाकडे नेलं, आतली वाट सोडली, ब्रोडी त्यातून आला आणि दोघे शेजारी शेजारी घरी पोचले. पाच गुण. दुसरं वळण बेभान झालं.

"मोजा कुणी दाखवला?" ग्लेनिसने वळून विचारलं.

"खिळ्यावर आहे," जोएल म्हणाला. "हे त्याला तू नाही शिकवलंस, ग्लेन. हे त्याने माझ्याकडून उचललं."

"हो रे बाबा," ती म्हणाली, आणि त्याच्यापुढे एक बटाटा सरकवला, वर चीज आणि बीन्स दोन्ही.

डेक्लन आणि ब्रोडी हात हलवत सावकाश फेरी मारत होते. जोएलने खिळ्यावरचा मोजा काढला, हातात चढवला, कुंपणापाशी गेला आणि उंच धरला. डेक्लनने तो पाहिला आणि त्याची मान पुन्हा वळली. मागे रिकामं मैदान होतं. सगळं वळण हसलं. डेक्लनने गाडी कुंपणाला टेकवली, हेल्मेट वर केलं.

"मूर्खा, मागे कुणीच नव्हतं!"

"होतं की," जोएल म्हणाला. "मी होतो."

डेक्लनने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग कुंपणावरून हात घालून मोज्यातला तो हात दाबला. "ये लवकर," तो म्हणाला, "आतली वाट ठेवतो."

ग्लेनिस कपावर हात धरायचं विसरली होती. तिने तो चहा मुरमासकट पिऊन टाकला.